चौगुले सर त्या मंगळवारी कुठे होते

मी हे सदर नियमित वाचते, पण आजवर त्यातल्या एकाही अनुभवावर माझा विश्वास बसलेला नाही. वाईट वाटून घेऊ नका. दुपारी डबा खाताना मी हे अनुभव वाचायचे आणि मनातल्या मनात प्रत्येकाचं कारण शोधून काढायचे — इथे झोप अपुरी झाली असेल, इथे सावली असेल, इथे चक्क थाप असेल. माझा धंदाच तसा आहे. मी पीएचपी या संगणकाच्या भाषेत वेबसाईट बनवते. बिघाड झाला की त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर आपण चुकीच्या जागी शोधतोय, एवढंच मला शिकवलेलं आहे. घरीही तेच. आम्ही उपाध्ये, जैन, मूळचे शिरोळकडचे. आमच्याकडे दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, पण भुताखेतांच्या गोष्टीही कोणी सांगत नाही.

आता हे मीच लिहायला बसलेय. कारण मी बरंच शोधलं... आणि मला ते सापडलेलं नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, तीन टेबलं आणि खिडकीत एक कूलर. मी आणि समीर, दोघंच. समीर डिझाईन बघतो, मी कोड बघते. हा मुलगा मिरजेचा, दोन वर्षांपूर्वी इकडे आला. हे लक्षात ठेवा, कारण मी ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांना त्याने आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं.

ते म्हणजे चौगुले सर. कॉलेज संपल्यावर मी त्यांच्या कॉम्प्युटर क्लासला जायचे. मूळचे कोडोलीचे, जाड, उंच, पांढरा शर्ट नेहमी बाहेर सोडलेला, बोलणं अस्सल गावाकडचं. त्यांच्याकडे पीएचपी शिकलेली पोरं आज पुण्या-बंगळुरात आहेत. सरांची एक सवय होती — विद्यार्थ्याच्या कीबोर्डला ते कधी हात लावायचे नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि प्रश्न विचारायचे. नवशिक्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. सर, पान पांढरंफटक येतंय. सर, 'हेडर्स ऑलरेडी सेंट' म्हणतंय, पण मी तर काहीच पाठवलं नाही. सर, लॉगिन केलं तरी परत लॉगिनच मागतंय. सर, मी फाईल बदलली तरी काहीच बदलत नाही... आज इंटरनेटवर जाऊन बघा, जगभरची पोरं हेच विचारत असतात. सर त्यावर उत्तर द्यायचे नाहीत. उलट एक प्रश्न टाकायचे, त्यावर आणखी एक, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला पोरगं स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायचं.

क्लास बंद झाल्यावर सर गावी गेले असं ऐकलं होतं. अधूनमधून सणावाराला मेसेज व्हायचे, नंतर तेही थांबले. सगळ्यांचं होतं तसं.

मागच्या वर्षी मगदूम काकी आमच्या ऑफिसात आल्या. त्या शिरोळच्या. त्यांच्या मुलाला थॅलेसेमिया आहे. या आजारात मुलाला ठरावीक दिवसांनी रक्त द्यावंच लागतं, आयुष्यभर. अशा मुलांच्या आईवडिलांनी मिळून एक छोटी संस्था काढलीय, आणि तिची एक वेबसाईट आहे. त्यावर रक्तदाते नाव नोंदवतात. एखाद्या मुलाला रक्त हवं असलं की काकी लॉगिन करतात, रक्तगट निवडतात आणि दात्यांना फोन लावतात. ही साईट चौगुले सरांनी बनवून दिलेली होती, एक रुपया न घेता.

"सरांना आता जमंना झालंय," काकी म्हणाल्या. "त्यांनीच मागं तुझं नाव सांगून ठेवलंतं. तू बघशील काय?"

जमत नाही म्हणजे वय झालं असेल, कंटाळा आला असेल, असं मी समजले. पुढे काही विचारलं नाही. साईट जुनी असली तरी नीट चालत होती, त्यामुळे मला तिच्यात फारसं शिरायची वेळही आली नाही.

एका मंगळवारी सकाळी काकींचा फोन आला. साईट उघडेना, नुसतं पांढरं पान.

मला त्याचं काही वाटलं नाही. होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या कॉम्प्युटरवर साईट ठेवलेली असते त्या कंपनीने, ती नव्या सर्व्हरवर हलवली होती आणि हलवताना पीएचपीची आवृत्ती नवी केली होती. जुन्या कोडमधल्या काही गोष्टी नव्या आवृत्तीत चालतच नाहीत. मी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जुनी आवृत्ती परत लावली. पान उघडलं. काकींना फोन करून सांगितलं, झालं, बघा.

थोड्या वेळाने त्यांचाच पुन्हा फोन. आता आवाज वेगळा होता.

"नावं दिसाय लागल्यात, पण फोन नंबराच्या जागी नुसतं गचाळ काय तरी येतंय बघ. आणि मला आत्ता नंबर पायजेत. इचलकरंजीची पिंकी हाय की, तिचं रक्त लई खाली गेलंय. ॲडमिट केलंय. ओ निगेटिव्ह हाय तिचं. रक्तपेढीत एक पण पिशवी न्हाय."

"तुमच्याकडे नंबर नाहीत का, काकी?"

"दोघांचं हुतं. एक पुण्याला गेलाय, एकानं मागच्या महिन्यातच दिलंय. बाकी सगळी साईटवर."

पिंकीला मी एकदा पाहिलं होतं, संस्थेच्या कार्यक्रमात. सात-आठ वर्षांची असेल. वडील बिहारचे, इचलकरंजीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, पाळीने काम करतात. त्या दिवशी ती पूर्णवेळ एका फुग्याच्या गाठीशी खेळत बसली होती.

मी डेटाबेस उघडला. तिथेही तेच. दात्यांचे नंबर कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून सरांनी ते कुलूपबंद करून साठवले होते. म्हणजे नंबर टाकला की त्याचा गिचमिड मजकूर बनतो, आणि तो परत वाचायला एक किल्ली लागते — अक्षरांची एक लांब माळ. ही किल्ली साईटच्या सेटिंग्जच्या फाईलमध्ये होती. फाईल माझ्यासमोर उघडी होती, किल्ली दिसत होती, पण ती लावली की नंबराऐवजी चौकोन आणि प्रश्नचिन्हं. मी किल्ली तपासली, कोड तपासला, हाताने वेगळा प्रोग्रॅम लिहून बघितला. परत तेच. होस्टिंगवाल्यांना कळवलं, त्यांचं "बघतो" असं उत्तर आलं.

जेवणाची वेळ होऊन गेली. समीरने डबा उघडून मला हाक मारली, मी नको म्हटलं. काकींचे फोन येत होते आणि दर वेळी मी "करतो, करतो" म्हणत होते. (कोल्हापुरात आम्ही पोरी बोलताना 'करतो', 'येतो' असंच म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) आजवर माझ्या चुकीने कुणाची साईट बंद पडली असेल, कुणाची ऑर्डर हुकली असेल. हे तसं नव्हतं.

तेवढ्यात शेजारी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"काय उपाध्ये, अडलंय न्हवं?"

चौगुले सर. पांढरा शर्ट, बाहेर सोडलेला. जिना चढून आल्यासारखा थोडा दम लागलेला. माझ्या मनात पहिला विचार हाच आला की काकींनी त्यांना फोन करून बोलावलं असणार. आणि खरं सांगते, इतकं हायसं वाटलं की मी दुसरा विचारच केला नाही.

"सर, बरं झालं आला. नंबर उघडंना झालेत."

"काय वाटतंय ते नको. काय काय झालं ते सांग."

मी सगळं सांगितलं. सर्व्हर हलवला, आवृत्ती बदलली, मी परत जुनी लावली, पान उघडलं, नंबर उघडेनात. सर स्क्रीनकडे बघत ऐकत होते.

"किल्ली कुठनं घेतलीस?"

"सेटिंगच्या फाईलीतनं."

"ती फाईल चालतीया कशावरनं?"

"सर, ही काय, समोर हाय की."

"समोर हाय म्हंजे चालतीया असं असतंय व्हय?"

हा तोच प्रश्न होता — मी फाईल बदलली तरी काहीच बदलत नाही. पहिल्या महिन्यातल्या पोरांचा प्रश्न. आपण एका फाईलमध्ये दुरुस्ती करत बसतो आणि साईट भलतीच फाईल वाचत असते. पण इथे तर साईट हीच फाईल वाचत होती. मी तपासून दाखवलं.

"आज वाचतीया," सर म्हणाले. "काल कुठली वाचत हुती?"

मी फोल्डरमधल्या फाईली परत एकेक करून उघडायला लागले.

"वर बघ. माळ्यावर."

मी साईटच्या फोल्डरमधून एक पायरी वर गेले. तिथे जाण्याचं मला कधी कारणच पडलं नव्हतं. होस्टिंगचे नेहमीचे चार-पाच फोल्डर होते, आणि त्यात एक इंग्रजी अक्षरांत लिहिलेला — माळा. आत एकच फाईल. तीही सेटिंग्जचीच, पण किल्ली वेगळी. जुना सर्व्हर आधी या माळ्यावर बघत होता. नव्या सर्व्हरला ते कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून तो समोरची चाचणीपुरती ठेवलेली फाईल वाचत होता.

मी साईटला माळ्यावरच्या फाईलचा रस्ता दाखवला. पान पुन्हा उघडलं. नंबर... सरळ, स्वच्छ, दहा आकडी नंबर.

तेवढ्यात फोन वाजला, काकीच. मी त्यांना म्हटलं, "काकी, आले नंबर, बघा." त्या एकेक नंबर मोठ्याने वाचायला लागल्या, मी इकडून पडताळत होते. फोन ठेवून वळले तर खुर्ची रिकामी.

"सर कुठं गेले?"

समीरने कानातला हेडफोन काढला. "कोण, ते काका? गेले की आत्ताच. तू फोनवर होतीस."

मी जिन्यापर्यंत धावले. खाली गल्लीत कुणी दिसलं नाही. झेरॉक्सवाल्याला विचारलं, तो म्हणाला, दिवसभर माणसं येत-जात असतात, मी कुणाकुणाकडे बघू. मला थोडं वाईट वाटलं, की चहासुद्धा न घेता गेले. तोवर एवढंच.

संध्याकाळी काकींचा फोन आला. जयसिंगपूरचा एक दाता सापडला होता, त्याने रक्त दिलं होतं. पिंकीला रक्त चढवायला सुरुवात झाली होती. काकी रडत होत्या आणि मध्येच हसत होत्या.

मी म्हटलं, "माझं काय नाही काकी, सरांनी केलं. तुम्ही त्यांना पाठवलं म्हणून."

"कुठलं सर?"

"चौगुले सर. दुपारी आलते की ऑफिसला."

काकींचं रडणं-हसणं थांबलं. मग हळू म्हणाल्या, "अगं, सर कसं येतील? त्यांना मागच्या वर्षी अटॅक आलाय मेंदूचा. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कोडोलीतच असत्यात. धरल्याबिगर उठवत न्हाई त्यांना. तुला ठावं न्हाय?"

मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगते, मला माहीत नव्हतं.

त्या रात्री मी ते सगळं अनेकदा मनात चालवून पाहिलं. एक शक्यता होती — मी उपाशी, घाबरलेली, आणि डोक्याने सरांची आठवण माणसासारखी समोर बसवली. फोल्डर मी कधीतरी ओझरता पाहिला असेल, तो आतून वर आला असेल. पटण्यासारखं होतं. मग समीरचं काय?

दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं. तो म्हणाला, "एक काका आले, तुझ्याशेजारी बसले. मला वाटलं क्लायंट आहेत." काय बोलले? "मी गाणी ऐकत होतो." मी काकींकडून सरांचा हल्लीचा फोटो मागवून घेतला. खुर्चीत बसलेले, गाल बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. समीरने पाहून मान हलवली. हे नव्हेत. मग मी माझ्याकडचा क्लासच्या निरोपसमारंभाचा ग्रुप फोटो दाखवला. त्यात पंचवीस-तीस माणसं आहेत. मी काही बोलले नाही, बोट दाखवलं नाही. त्याने फोटो मोठा करून बघितला आणि सरांवर अंगठा ठेवला.

"हे बहुतेक," तो म्हणाला. "असेच जाड होते." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काय झालं?"

रविवारी मी स्कूटी काढली आणि वाघबीळवरून कोडोलीला गेले. घर शोधायला त्रास पडला नाही. स्लॅबचं साधं बसकं घर, पुढे अंगणात पत्रा. सरांची बायको, म्हणजे काकू, मला ओळखत नव्हत्या, पण क्लासची विद्यार्थिनी म्हटल्यावर त्यांचे डोळे भरले. सर आतल्या खोलीत खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर उशीवर ठेवलेला. मला बघून त्यांचा चेहरा हलला. ओळखलं असावं. मी पाया पडले.

ऑफिसातली गोष्ट मी काकूंना लगेच सांगितली नाही. कसं सांगणार? मी फक्त विचारलं, "मंगळवारी सर घरीच होते?"

"जात्यात कुठं, बाई," त्या म्हणाल्या. "मंगळवारी तर बोलणं शिकवायला बाई येत्यात. दुपारभर हितंच बसलेलं दोघं." मग स्वतःहूनच सांगायला लागल्या, "पर ह्या मंगळवारी जरा येगळंच झालं. चित्रं दाखवत हुत्या त्या, तर ह्यांचं ध्यानच न्हाय. भिताडाकडं बघत बसले. आणि एकदम बोलले. इतक्या महिन्यांत पहिलाच शब्द. मी पोरीला फोन करून सांगितलं, तुझं बाबा बोललं म्हणून."

"काय बोलले?"

"माळा. दोनदा म्हटलं. माळा, माळा. आता आमच्या घराला माळा कुठला आलाय? हे बघ की, वर सपाट स्लॅब. बाई म्हटल्या, फुलांची माळ म्हणत असतील. म्हणून मी देवाची माळ आणून दाखवली तर चिडलं, हातानं लोटून दिली."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला आणि मग त्यांना सगळं सांगितलं. ऑफिस, पिंकी, नंबर, फोल्डर. काकू भ्याल्या नाहीत, हात जोडले नाहीत. ऐकून झाल्यावर एवढंच विचारलं, "पोरगी बरी हाय न्हवं?"

बरी आहे म्हटलं.

त्यानंतर मी काय काय केलं ते थोडक्यात सांगते. बोलणं शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. त्यांनी तोच दिवस, तीच दुपार सांगितली, पण वेळ त्यांना नेमकी आठवत नव्हती. एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, अशा पेशंटच्या तोंडून अचानक एखादा सुटा शब्द येतो, त्याला अर्थ असतोच असं नाही. माझ्याबद्दल म्हणाली, ताण. समीरबद्दल म्हणाली, तू फोटो दाखवताना नकळत काहीतरी सुचवलं असशील. तिची तिन्ही उत्तरं वेगवेगळी बरोबर वाटतात. तिन्ही एकत्र ठेवली की मला ती पटत नाहीत. माझी आई म्हणते, फार खोलात जाऊ नकोस, चांगलंच झालं ना. समीर आता त्या खुर्चीवर बॅगसुद्धा ठेवत नाही, पण का ते बोलत नाही.

राहिला एकच माणूस, ज्याला हे नक्की माहीत असायला हवं.

मी परत कोडोलीला गेले, दिवाळीनंतर. सर थोडे सुधारले होते, दोन-तीन शब्द बोलायला लागले होते. काकू बाहेर म्हशीला वैरण टाकत होत्या. मी सरांच्या समोर बसले. त्यांच्या डाव्या हातावर हात ठेवला आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "सर, त्या मंगळवारी तुम्ही माझ्या ऑफिसात आला होता का?"

त्यांचे ओठ हलले.

"व्हय."

मी आणखी काही विचारणार तेवढ्यात ते म्हणाले, "न्हाय." आणि मान हलवली. मग परत "व्हय". मग "न्हाय, न्हाय... व्हय." आवाज चढत गेला, कपाळाला घाम आला. मी त्यांना थांबा थांबा म्हणत होते.

काकू पदराला हात पुसत आत आल्या. "त्यांचं हे दोन शब्द एकमेकांत मिसळल्यात बघ," त्या म्हणाल्या. "चहा पायजे काय इचारलं तरी आसंच म्हणत्यात. मी आपली कप पुढं धरती. घेतला तर व्हय, न्हाई घेतला तर न्हाय."

सर शांत झाले. पण माझा हात त्यांनी सोडला नाही. डाव्या हाताने घट्ट धरून ते माझ्या तोंडाकडे बघत होते, भुवया वर करून, वाट बघत. मी गेले होते विचारायला, आणि आता तेच मला काहीतरी विचारत होते असं वाटत होतं. कदाचित हेच, की 'उपाध्ये, मी आलो होतो का?'

मी म्हटलं, "व्हय सर."

खरं की खोटं, ते मला आजही माहीत नाही.